सार्वजनिक घर
(इंग्लंडमधील एका खेड्यातल्या पांथशाळेचा वास्तुइतिहास)

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेल्या आपल्या समाजात एखाद्या पानगृहाच्या इमारतीवर तासभर बोलावे, तेही वसंतातल्या या प्रतिष्ठित सभेपुढे, हे वरवर पाहता विचित्र वाटणे साहजिक आहे. म्हणून आरंभीच सांगतो की, आम्ही येथे मद्याची भलामण करण्यास उभे नाही. पेल्यात काय होते याच्याशी आज आपल्याला थोडेच कर्तव्य आहे. पेला ज्या मेजावर ठेवला जाई ते मेज ज्या छपराखाली होते, त्या छपराविषयी आपल्याला बोलायचे आहे.

इंग्रज ज्याला ‘पब’ म्हणतो तो शब्द मुळात ‘पब्लिक हाउस’ असा आहे. म्हणजे सार्वजनिक घर. या दोन शब्दांची जोडी नीट पाहिली तर तीत एक विरोध आहे. घर म्हटले की ते कोणाचे तरी, उंबरठ्याच्या आतले, परक्याला मज्जाव करणारे. सार्वजनिक म्हटले की ते सगळ्यांचे, म्हणजे कोणा एकाचे नव्हे. हा विरोध इंग्लंडच्या गावोगावी शतकानुशतके दगडात आणि लाकडात नांदत आला. तो कसा नांदला आणि आज त्याच्यावर कोणती वेळ आली आहे, हे एका घराच्या आधाराने पाहू या.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. मध्ययुगीन इंग्लंडात अशी घरे तीन प्रकारची होती. पहिले एलचे घर. एल म्हणजे सातूची घरगुती बिअर. बहुधा एखादी बाई, पुष्कळदा एखादी विधवा, आपल्या स्वयंपाकघरात ती करी आणि तयार झाली की दाराबाहेर काठीला हिरवी डहाळी बांधी. डहाळी दिसली की शेजारपाजारचे लोक तिच्याच चुलीपाशी येऊन बसत. या प्रकाराला स्वतंत्र वास्तू अशी नव्हतीच. असेल तीच झोपडी. दुसरा प्रकार टॅव्हर्नचा. तेथे द्राक्षमद्य मिळे आणि गिऱ्हाईक शहरातले, पैसेवाले असे. तिसरा प्रकार ‘इन’. त्याला आपण पांथशाळा म्हणू. वाटसरूला जेवण, अंथरूण आणि त्याच्या घोड्याला तबेला व वैरण देणे हे तिचे काम. आपल्या धर्मशाळेशी तिचे नाते आहे, पण फरकही मोठा आहे. धर्मशाळा पुण्यासाठी बांधली जाते, तर पांथशाळा दाम मोजून घेते. सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत, १५५२ साली, पार्लमेंटने कायदा करून एल विकणाऱ्यांना न्यायाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा केला. राज्यसत्तेला या घरांची धास्ती वाटू लागली होती याचा हा पुरावा. चार माणसे जेथे रोज संध्याकाळी एकत्र बसतात, तेथे केवळ हवापाण्याच्या गोष्टी होत नाहीत, हे सर्व काळच्या राज्यकर्त्यांना ठाऊक असते.

आता आपल्या घराकडे येऊ. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सॉमरसेट नावाचा परगणा आहे. तेथील बाथ या प्रसिद्ध शहराच्या दक्षिणेस सहा-सात मैलांवर नॉर्टन सेंट फिलिप हे खेडे लागते. या खेड्यात ‘द जॉर्ज’ या नावाची पांथशाळा आहे. सेंट जॉर्ज हा इंग्लंडचा रक्षक संत. त्याचे नाव धारण करणारी अशी घरे त्या देशात किती तरी सापडतील. परंतु हे जॉर्ज त्या सर्वांत मानाचे समजले जाते. संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत ते पहिल्या श्रेणीत आहे, आणि ती श्रेणी मोठमोठ्या चर्चना व राजवाड्यांना मिळते.

हे घर बांधले कोणी? येथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. ते बांधले मौन पाळणाऱ्या संन्याशांनी. नॉर्टनपासून दीड-दोन मैलांवर हिंटन येथे कार्थुझियन पंथाचा मठ होता. सॉल्सबरीची काउंटेस एला हिने १२३२ साली त्याची स्थापना केली. या पंथाचे साधू एकेकट्या कोठडीत राहत, एकटे जेवत, आणि प्रार्थनेखेरीज तोंडातून शब्द काढणे वर्ज्य मानत. परंतु मठ म्हटला की जमीन आली, जमीन म्हटली की मेंढ्या आल्या आणि मेंढ्या म्हटल्या की लोकर आली. त्या काळी लोकर म्हणजे इंग्लंडचे सोने. नॉर्टन येथे मठाच्या हक्काची वार्षिक जत्रा भरे. लोकर आणि कापड घेण्यासाठी दूरदूरचे व्यापारी येत. त्यांना उतरायला जागा हवी, माल ठेवायला कोरडे कोठार हवे, सौदे करायला दालन हवे. शांत मठाच्या आवारात हा कोलाहल कोण येऊ देणार? म्हणून साधूंनी तो बाहेरच्या गावात नेऊन ठेवला आणि त्याच्यासाठी ही इमारत उभी केली. ज्यांनी स्वतः बोलायचे नाही असे व्रत घेतले, त्यांनीच परगण्यातले सर्वांत बोलके घर बांधले.

घराला १३९७ पासून परवाना आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. आम्ही लाकडाची साक्ष अधिक मानतो. झाडाच्या खोडात दरसाल एक वलय वाढते. पावसाच्या वर्षी ते रुंद, अवर्षणाच्या वर्षी अरुंद. ही वलये मोजून आणि जुन्या लाकडांशी ताडून तुळईचे झाड कोणत्या सुमारास तोडले हे तज्ज्ञ सांगू शकतात. या पद्धतीने जॉर्जच्या छपराचे लाकूड १४३० च्या सुमाराचे ठरते. म्हणजे हे आढे इंग्लंडवर सहाव्या हेन्रीचे राज्य होते तेव्हा चढले. तेव्हापासून सुमारे सहाशे पावसाळे त्याने अंगावर घेतले आहेत.

आता आपण रस्त्यावर उभे राहून घराकडे पाहू. खालचा मजला दगडाचा आहे आणि त्याच्या मधोमध दगडी कमानीचे दार आहे. वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे असून ते खालच्या भिंतीच्या पुढे, रस्त्याच्या अंगाला झुकलेले आहेत. पहिल्या मजल्याला भिंतीबाहेर डोकावणाऱ्या छोट्या खिडक्या आहेत. अशा घराकडे पाहून नवख्याला वाटते की ते आता पडणार. प्रत्यक्षात त्या झुकण्यात मोठे शहाणपण आहे.

ते कसे, हे समजण्यासाठी सुताराच्या बाजूने विचार करावा लागतो. त्या वेळचे इंग्लिश सुतार ओकचे लाकूड वाळवीत बसत नसत. ते ओलेच वापरीत. ओला ओक करवतीला आणि वाकसाला वश असतो. वाळला की तो लोखंडासारखा कठीण होतो. सुतार आपल्या कामाच्या आवारात संपूर्ण भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा मांडी. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला खाच अशी जोडणी करून प्रत्येक सांध्यावर खुणेचे आकडे कोरी. मग सारे सोडवून गाडीत घालून जागेवर नेई, आकड्यास आकडा जुळवून उभे करी आणि सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकी. लोखंडी खिळा जवळजवळ लागतच नसे. वर्षे लोटली की लाकूड वाळे, आवळे, थोडे पिळवटे, आणि सांधे अधिकच घट्ट होत. जुन्या इंग्लिश घरांच्या भिंती वाकड्या दिसतात त्याचे हे मुख्य कारण. ते वाकडेपण म्हातारपणाचे नसून बहुतेक तरुणपणीचेच असते. दोन खांबांमधल्या जागेत काठ्या विणून वर माती, शेण आणि गवत यांचा लेप देत. कोकणातल्या कुणालाही याचे नवल वाटू नये, कारण ही सरळ सरळ आपली कुडाची भिंत झाली.

आता झुकलेल्या मजल्याचे. वरच्या मजल्याच्या जमिनीच्या तुळया खालच्या भिंतीवर टेकून हातभर पुढे काढलेल्या असतात आणि वरची भिंत त्यांच्या टोकांवर उभी असते. तुळईच्या मध्यावर माणसांचा, मालाचा भार पडला की ती मध्ये लवू पाहते. परंतु टोकावर भिंतीचा भार असल्याने तिचे टोक खाली दाबले जाते आणि मध्याला उचल मिळते. तराजूची दोन पारडी जशी एकमेकांना सावरतात तसा हा प्रकार. ज्या मजल्यावर कापडाचे गठ्ठे रचायचे आहेत त्याला ही उचल किती मोलाची असेल, हे सांगायला नको. शिवाय रस्त्यावरची जागा न अडवता वरच्या खोल्या मोठ्या होतात आणि खालच्या भिंतीवर पाऊस कमी येतो. केवळ शोभेसाठी केलेली गोष्ट इतकी शतके टिकत नाही. तिच्या मागे काही तरी उपयोग दडलेला असतोच.

कमानीतून आत शिरले की मागे अंगण लागते. आपल्या वाड्याच्या चौकाची आठवण व्हावी असे. अंगणाच्या कडेने लाकडी सज्जा आहे. असल्या पांथशाळांत खोलीतून खोलीत जाण्याची वाट नसे. प्रत्येक खोलीचे दार सज्जावर उघडे आणि सज्जावरून माणूस खाली उतरे. त्यामुळे एकाच छपराखाली झोपलेल्या दोन अनोळखी व्यापाऱ्यांना एकमेकांचा उंबरठा ओलांडावा लागत नसे. ‘सार्वजनिक’ आणि ‘घर’ यांचे भांडण इंग्लिश सुताराने सोडवले ते असे. अंगण सगळ्यांचे, खोली ज्याची त्याची आणि मध्ये सज्जा. पुढे फिरत्या नाटकमंडळ्यांनाही अशी अंगणे फार सोयीची पडली. मध्ये पाट मांडावा आणि सज्जांवर प्रेक्षक बसवावेत. एलिझाबेथच्या काळातल्या नाट्यगृहांची घडण या अंगणांशी जुळते, हा योगायोग नव्हे.

१५३९ साली आठव्या हेन्रीने हिंटनचा मठ खालसा केला. साधू गेले, चर्च पाडले गेले. काही भिंती आणि थोडी दालने आजही शेतांच्या मध्ये उभी दिसतात. मात्र त्याच मठाने बांधलेली पांथशाळा शाबूत राहिली. येथे क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. दोन्ही वास्तू एकाच मालकाच्या, एकाच परिसरातल्या. एक देवासाठी बांधलेली, उत्तम दगडाची. दुसरी बाजारासाठी, अर्धी लाकडाची. काळाने पहिली खाल्ली आणि दुसरी ठेवली. कारण मालक बदलला तरी दुसरीचे काम चालूच होते. उद्याही कोणी तरी थकलेला माणूस दारात येणार होता. दगड इमारतीला उभी करतो, पण तिला उभी ठेवतो तो तिचा उपयोग.

या दारातून कोण कोण आले? १६६८ च्या जून महिन्यात, १२ तारखेस, प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स सहकुटुंब बाथला जाताना या गावी थांबला. त्याने चर्च पाहिले, तेथली जुनी थडगी पाहिली, सहा घंटांचा नाद वाखाणला, उत्तम जेवला आणि खर्चाचा आकडा मांडला: दहा शिलिंग. ते जेवण जॉर्जमध्येच झाले असे गाव मानते.

सतरा वर्षांनी मात्र वेगळे पाहुणे आले. दुसऱ्या चार्ल्सचा अनौरस पुत्र, ड्यूक ऑफ मन्मथ, याने आपला चुलता दुसरा जेम्स याच्याविरुद्ध बंड उभारले. १६८५ च्या ११ जूनला तो लाइम रेजिस येथे उतरला. विणकर, शेतकरी, कारागीर त्याच्या झेंड्याखाली गोळा झाले. २७ जूनला नॉर्टन सेंट फिलिप येथे त्याची आणि सरकारी सैन्याची चकमक झडली. सरकारी तुकडीच्या अग्रभागी ड्यूक ऑफ ग्रॅफ्टन होता. तो मन्मथचाच सावत्र भाऊ. गावच्या अरुंद, कुंपणांनी वेढलेल्या गल्लीत बंडखोरांनी त्याला कोंडले, आणि रात्र पडता मन्मथ पावसात फ्रोमकडे निघून गेला. त्याचा मुक्काम जॉर्जमध्ये होता. खिडकीत उभा असता त्याच्यावर कोणी गोळी झाडली आणि ती चुकली, ही गोष्ट तेथे आजही सांगतात. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. पण त्या पुढे डोकावणाऱ्या खिडक्या पाहिल्या म्हणजे ती दंतकथा याच घराला का चिकटली, हे चटकन लक्षात येते.

६ जुलैला सेजमूरच्या मैदानात बंड चिरडले गेले आणि १५ जुलैला मन्मथचे शिर उतरले. त्यानंतर न्यायाधीश जेफ्रीज याची कुप्रसिद्ध न्यायसत्रे झाली. मुख्य न्यायसने डॉर्चेस्टर, टाँटन, वेल्स अशा मोठ्या ठिकाणी मांडली गेली आणि फाशीचे खांब गावोगाव उभे राहिले. नॉर्टनमध्ये बारा जणांना फाशी दिल्याची स्मृती गावाने जपली आहे. ज्या घराने बंडखोरांना भाकरी वाढली, त्याच घराच्या जवळ त्यांचे प्राण गेले. सार्वजनिक घराचा हा दुसरा अर्थ. त्याचे दार राजाच्या माणसाला उघडे असते आणि राजद्रोह्यालाही. घर निवाडा करीत नाही, आलेल्याला बसायला जागा देते.

पुढला काळ थोडक्यात सांगतो. २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून बाथमार्गे लंडनला पहिली टपालगाडी धावली. ही कल्पना बाथच्याच जॉन पामर याची. घोडागाड्यांच्या त्या युगात हमरस्त्यांवरच्या पांथशाळांनी मोठमोठे विटांचे दर्शनी भाग चढवले, तबेले वाढवले, सजावट केली. मग १८४१ साली लंडन ते ब्रिस्टल लोहमार्ग पुरा झाला आणि तो थाट ओसरू लागला. आडवाटेवरच्या घरांना वैभव जसे मिळाले नाही तसा नवा मुखवटाही चढला नाही. जॉर्जचे जुने रूप टिकले यात साधूंच्या बांधकामाइतकाच या आडवाटेचा वाटा असावा, असा आमचा तर्क आहे.

आज ज्याला ‘जुना इंग्लिश पब’ म्हणून दाखवतात त्यातला बराच भाग जुना नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्यावर कोपर टेकून लोक उभे राहतात तो लांबलचक गल्ला एकोणिसाव्या शतकातल्या शहरी मद्यगृहांतून आलेला. त्यापूर्वी खेड्यात पेला तळघरातून भरून हातात आणून देत. काळे लाकूड आणि पांढरा चुना अशी नक्षी असलेली शेकडो घरे तर पहिल्या महायुद्धानंतर दारूच्या कारखानदारांनी मुद्दाम जुन्या धर्तीवर बांधली. त्यांतल्या तुळया पुष्कळदा भार वाहत नाहीत, नुसत्या भिंतीवर चिकटवलेल्या असतात. यात हसण्यासारखे असले तरी विचार करण्यासारखेही आहे. लोकांना जुन्याची ओढ असते, म्हणूनच खोटे जुने विकले जाते. मग खरे जुने का मरावे?

ते मरते आहे, ही आजची गोष्ट आहे. म्हणून जॉर्जला येथेच सोडून आपण शंभरएक मैल उत्तरेला, स्टॅफर्डशायरमधील हिम्ली येथे जाऊ. तेथे १७६५ साली बांधलेले एक साधे विटांचे शेतघर होते. १८३० साली पार्लमेंटने बिअर विकण्याचा परवाना दोन गिनींना खुला केला आणि सामान्य घरे भराभर पानगृहे बनली. त्याच सुमारास याही घराचे तसे झाले. त्या भागात जमिनीखाली कोळशाच्या खाणी होत्या. जमीन खचली आणि घराची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे चार फूट खाली गेली. पाडून टाकण्याऐवजी पुढे त्याला धिरे आणि लोखंडी आधार देऊन तसेच सावरले. आत गेले की डोके गरगरे. मेजावर ठेवलेली गोटी चढावाकडे घरंगळताना दिसे. लोक त्याला ‘वाकडे घर’ म्हणत आणि मुलाबाळांसह ते पाहायला येत. खाली राबणाऱ्या खाणकामगारांचा इतिहास वरच्या भिंतींच्या तिरकसपणात लिहिला गेला होता. मात्र हे घर संरक्षित यादीत नव्हते.

जुलै २०२३ मध्ये ते विकले गेले. ५ ऑगस्टच्या रात्री त्याला आग लागली. ७ ऑगस्टला, परवानगी न घेता, ते जमीनदोस्त झाले. अडीचशेहून अधिक वर्षे खचत्या जमिनीवर तगलेले घर दोन दिवसांत नाहीसे झाले. लोक हळहळले, मग चिडले. विटांच्या त्या ढिगाऱ्यापाशी लोक जमू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थानिक परिषदेने हुकूम काढला की, घर आगीपूर्वी जसे होते तसेच तीन वर्षांत पुन्हा बांधून द्यावे. मालकांनी त्यावर अपील केले. सारांश, एका वाकड्या घराचे वाकडेपण इंच-इंच पुन्हा उभे करण्याची आज्ञा कायद्याला द्यावी लागली.

२०११ च्या स्थानिकता कायद्याने गावकऱ्यांना आपले पानगृह ‘समाजाला मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येते. ते विकायला निघाले तर खरेदीसाठी बोली लावण्याची मुदतही त्यांना मिळते. २०१७ पासून इंग्लंडात नियोजन-परवानगीशिवाय पानगृह पाडता येत नाही. कायदे चांगले आहेत. पण वाकड्या घराने दाखवून दिले की, कायदा पडलेल्या विटा मोजू शकतो, पडण्यापूर्वी रात्री दाराशी उभा राहू शकत नाही. ते काम दाराआड बसणाऱ्यांचे आहे. जॉर्जला श्रेणी आहे, कीर्ती आहे, राजपुत्राची कथा आहे. हिम्लीच्या घराला यातले काहीच नव्हते. होते ते एवढेच की पिढ्यान्‌पिढ्या साधी माणसे संध्याकाळी तेथे बसली होती. वास्तुइतिहासाने आजवर पहिल्या घराची दखल घेतली. दुसऱ्याची किंमत त्याला राखेवरून कळली.

हिंटनच्या साधूंनी जॉर्ज बांधले तेव्हा स्मारक उभारावे असा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना व्यापाऱ्यांची सोय आणि आपली शांतता हवी होती. स्मारक त्याला पुढच्या लोकांनी केले. कोणी तेथे दहा शिलिंगांचे जेवण जेवले, कोणी पावसाच्या रात्री तेथून पळाले, कोणी काहीच न करता कोपऱ्यात बसून गप्पा मारल्या. घर सार्वजनिक होते ते दारावरच्या पाटीने नव्हे. लोक येत राहतात तोवर ते सार्वजनिक असते, आणि लोक यायचे थांबले की ते नुसती जागा होते. जागेला भाव असतो, घराला मोल असते. हा भेद ज्या गावाला वेळेवर उमगतो, त्याच्या जुन्या तुळया शाबूत राहतात.